सिरिंज, फ्लास्क आणि आतली हवा: प्रकल्पाच्या नोंदी

१४ जून

आज सामान जमलं. ६० मिलीची प्लास्टिकची सिरिंज, एक पारदर्शक नळी (आतून ३ मिमी, लांबी ४० सेंमी), एमपीएक्स ५७०० एपी नावाचा प्रेशर सेन्सर आणि त्याचा आकडा वाचायला आर्डुइनो नावाचा छोटा सर्किट बोर्ड. भाचीला नववीत वायूंचे नियम आहेत, तिला ते पाठ आहेत, पण हवा दाबल्यावर आकडा खरंच तसा बदलतो का हे तिने कधी बघितलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा कधी मोजून बघितलं नव्हतं. म्हणून ठरवलं की दाब, आकारमान आणि तापमान या तिघांचं नातं घरच्या सामानावर मोजायचं आणि जे येईल ते इथे लिहायचं, चुकलेलं पण.

सेन्सर लावला आणि लगेच पहिली अडचण. सिरिंज जोडलेलीच नव्हती, नळीचं तोंड उघडं, आणि स्क्रीनवर १०४.९ किलोपास्कल. भाची म्हणाली, "अरे मामा, काहीच जोडलेलं नाहीये, मग हा १०४ कशाचा दाखवतोय?" प्रश्न अगदी बरोबर आहे. हा सेन्सर निरपेक्ष दाब मोजतो, म्हणजे पूर्ण निर्वात असेल तर शून्य. आपल्या डोक्यावर जो हवेचा थर आहे त्याचाच दाब समुद्रसपाटीला साधारण १०१ किलोपास्कल असतो, तोच तो दाखवतोय. टायरला लावतात तो गेज मात्र बाहेरच्या हवेपेक्षा जास्त किती तेवढंच दाखवतो, पंक्चर टायरला शून्य. आपल्या सूत्रात दाब गुणिले आकारमान हे हवा किती आहे त्यावर ठरतं, त्यात तो शून्य घातला तर गुणाकार पण शून्य, म्हणजे उघड्या सिरिंजमध्ये हवाच नाही! तर यापुढे सगळीकडे निरपेक्ष दाब.

मोबाईलमधला बॅरोमीटर मात्र १००.४ दाखवत होता. सेन्सरच्या माहितीपत्रकात पूर्ण रेंजच्या अडीच टक्के एवढी चूक धरलेली आहे, रेंज ७०० पर्यंत म्हणजे सतरा-अठरा किलोपास्कल सुद्धा होऊ शकते, त्यामानाने साडेचार काहीच नाही. प्रोग्राममध्ये ४.५ वजा केले. शिवाय आर्डुइनोला ओळखता येणारी सगळ्यात लहान पायरी पाऊण किलोपास्कलची पडते, म्हणून दर वेळी १०० रीडिंग घेऊन सरासरी काढतोय.

१५ जून

दट्ट्या ५० वर ठेवून नळी जोडली, म्हणजे ५० मिली हवा १००.४ ला बंद झाली. मग दाबत आणि ओढत गेलो, प्रत्येक ठिकाणी अर्धा मिनिट थांबून.

६० मिलीला ८४.५ किलोपास्कल. ५० ला १००.४. ४० ला १२३.६. ३० ला १६०.९. २५ ला १८९.४. २० ला २३०.२.

२० ला धरून ठेवायला चांगलाच जोर लागतो. दट्ट्याचं क्षेत्रफळ साधारण ५.६ चौरस सेंमी, बाहेरच्यापेक्षा १३० किलोपास्कल जास्त, म्हणजे साडेसात किलोचं वजन अंगठ्यावर. भाचीने दोन्ही हातांनी धरलं तरी तिचे हात थरथरत होते.

नियम म्हणतो तापमान तेच असेल तर दाब गुणिले आकारमान कायम. गुणाकार केले: ५०७०, ५०२०, ४९४४, ४८२७, ४७३५, ४६०४. कायम कुठलं काय, सरळ उतरत चाललंय! ५० पासून २० पर्यंत आठ टक्क्यांहून जास्त कमी. रीडिंगची चूक असती तर एखादा वर एखादा खाली झाला असता, पण हे ओळीने एकाच बाजूला चाललंय म्हणजे काहीतरी ठरावीक गोष्ट चुकतेय.

भाचीचं म्हणणं हवा गळतेय. मलाही तेच वाटतंय. रात्री जोडांना टेप लावून ठेवली.

१६ जून

गळतीची टेस्ट केली. क्लॅम्पने दट्ट्या २० वर दहा मिनिटं धरून ठेवला. सुरुवातीला २३०, दहा मिनिटांनी पण २३०. मग परत ५० वर आणला तर १००.४. हवा गळली असती तर परत आल्यावर दाब आधीपेक्षा कमी यायला हवा होता, कारण हवाच कमी झाली असती. तसं झालं नाही. गळती नाही.

म्हणजे टेप उगाच लावली, आणि प्रश्न तसाच. हवा आहे तेवढीच आहे, तापमान खोलीचं २८ अंश, मग गुणाकार का उतरतोय.

१७ जून, रात्री

सापडलं!

भाचीने आलेख काढला होता दाब विरुद्ध एक भागिले आकारमान, तो वर जाता जाता किंचित वाकत होता. मी तो उलटा काढला, आडव्या अक्षावर एक भागिले दाब आणि उभ्या अक्षावर सिरिंजवरचा आकडा, आणि सहाच्या सहा बिंदू पट्टीने आखल्यासारखे एका रेषेत. फक्त रेषा शून्यातून जात नाही, ती उभ्या अक्षाला उणे ३.२ वर कापते. उणे ३.२ मिली म्हणजे काय? म्हणजे सिरिंज जेव्हा शून्य म्हणते तेव्हा पण ३.२ मिली हवा कुठेतरी शिल्लक आहे जी सिरिंजच्या खुणांमध्ये मोजलीच जात नाही.

कुठे असणार, नळीत! ४० सेंमी लांब, आतून ३ मिमी, हिशोब केला तर २.८ मिली. उरलेले ०.४ सिरिंजचं टोक आणि सेन्सरच्या आतली पोकळी. आपण इतके दिवस सिरिंजवरचा आकडा वाचत होतो आणि त्याला हवेचं आकारमान म्हणत होतो, पण हवेला खुणा थोड्याच दिसतात, तिला जेवढी जागा मिळाली तेवढी सगळी तिची. ५० ला हे ३.२ फार जाणवत नाहीत, २० ला मात्र तेच ३.२ मोठा वाटा होतात, म्हणूनच गुणाकार दाबत जाऊ तसतसा जास्त उतरत होता.

प्रत्येक आकड्यात ३.२ मिळवले. सगळे गुणाकार ५३४१ च्या आसपास, एकदोन इकडेतिकडे. भाचीने कॅल्क्युलेटर माझ्या हातातून घेतला आणि सहाही परत स्वतः केले.

१८ जून

नळी कापून १० सेंमी केली. आता हिशोबाने लपलेलं आकारमान ०.७ अधिक ०.४ म्हणजे १.१ मिली यायला हवं. परत रीडिंग घेतली, रेषा उणे १.१ वर. यापेक्षा चांगला पुरावा मला नको. आता गुणाकार ५१३० आणि तो हलत नाही.

दाब गुणिले आकारमानाचा हा नियम ज्याच्या नावाने ओळखतात त्या बॉइलचा प्रयोग दुपारी वाचत बसलो. त्याने इंग्रजी जे अक्षरासारखी वाकडी काचेची नळी घेतली, आखूड बाजू बंद, लांब बाजूने पारा ओतत गेला आणि बंद बाजूची हवा किती आखडते ते मोजत गेला. त्या दिवशीच्या हवेचा दाब त्याने पाऱ्याच्या २९ आणि एक अष्टमांश इंच एवढा धरला आणि ओतलेल्या पाऱ्याच्या उंचीत तो दर वेळी मिळवला. म्हणजे आमच्या पहिल्या दिवशीचा उघड्या नळीचा प्रश्न त्याने १६६२ सालीच सोडवून ठेवला होता, ते मिळवलं नसतं तर त्याच्या तक्त्यातून काहीच निघालं नसतं. आणि ही कल्पना सर्वस्वी आपली नाही हे पण त्याने सांगून टाकलंय, रिचर्ड टाउनली या माणसाचं नाव घेऊन. फ्रान्समध्ये मारियोतने हाच नियम १६७६ मध्ये मांडला, त्यामुळे तिकडे तो त्याच्या नावाने ओळखला जातो.

२१ जून

आज एक गोष्ट अचानक दिसली आणि ती मला या सगळ्यात सगळ्यात जास्त आवडली.

आतापर्यंत दर वेळी अर्धा मिनिट थांबत होतो, का थांबतोय याचा फार विचार न करता. आज भाचीने न थांबता दट्ट्या धाडकन ५० वरून २५ वर दाबला. स्क्रीनवर २२८ आलं, आणि मग ती २५ वर घट्ट धरून असताना आकडा उतरत उतरत ७-८ सेकंदात १९६-१९७ वर येऊन थांबला. १९६.६ हेच बरोबर उत्तर आहे, १००.४ गुणिले ५१.१ भागिले २६.१. मग मधल्या काळात ते २२८ कुठून आलं?

हवा तापली होती. दट्ट्या पुढे येत असताना हवेचे रेणू त्याच्यावर आदळतात आणि पुढे येणाऱ्या बॅटवरून बॉल जसा जास्त वेगाने परत जातो तसे जास्त वेगाने परत जातात, आणि रेणूंचा वेग वाढला म्हणजे तापमान वाढलं, ती काही वेगळी गोष्ट नाही. तसेही खोलीतल्या हवेचे रेणू सेकंदाला साधारण ५०० मीटर वेगाने पळत असतात. मग ती उष्णता सिरिंजच्या भिंतीला जाते आणि हवा परत खोलीच्या तापमानाला येते.

किती तापली हे पण काढता येतं, थर्मामीटर न लावता! २५ वर आकारमान पक्कं आहे, तर दाब आणि केल्व्हिनमधलं तापमान (सेल्सिअस अधिक २७३) एकाच प्रमाणात. ३०१ गुणिले २२८ भागिले १९६.६ म्हणजे ३४९ केल्व्हिन, ७६ अंश सेल्सिअस. आणि उष्णता अजिबात बाहेर न जाऊ देता दाबता आलं असतं तर १२० अंशांच्या आसपास गेलं असतं. सिरिंजला हात लावला तर जेमतेम कोमट, कारण आत हवा आहे किती, हिशोबाने ०.०६ ग्रॅम. एवढीशी हवा ७६ अंशांपर्यंत तापली तरी जाड प्लास्टिकला काय फरक पडणार.

उलटं पण केलं, २५ वर स्थिर झाल्यावर पटकन ५० पर्यंत ओढला. आकडा आधी १००.४ च्या खाली गेला आणि मग हळूहळू वर चढला. हवा थंड होते आणि मग खोलीकडून उष्णता घेते. भाचीने हे दहा वेळा तरी केलं असेल, मी थांबवलं नाही.

बॉइलच्या नियमातलं "तापमान कायम असेल तर" हे वाक्य पुस्तकात वाचताना औपचारिक वाटतं, पण ते म्हणजे हे आठ सेकंद आहेत.

२५ जून

आज दाब कायम ठेवून तापमान बदलायचं होतं. सिरिंज गरम पाण्यात धरून बघितली, जमलं नाही. रबरी दट्ट्या अडकतो, थोडा ढकलून सोडला तर एका आकड्यावर थांबतो, ओढून सोडला तर दुसऱ्या, दोघांत दोन-तीन मिलीचा फरक आणि मोजायचंय तेवढंच. सोडून दिलं.

त्याऐवजी एक बारीक काचेची नळी, एक तोंड बंद, आत तेलाचा एक थेंब आणि थेंबाखाली अडकलेली हवा. २० अंशांना हवेची लांबी ८० मिमी, ६० अंशांना ९१. केल्व्हिनमध्ये २९३ आणि ३३३, प्रमाणाने ९०.९ यायला हवं. छान. हे शार्ल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७८७ च्या सुमारास बघितलं होतं पण छापलं नाही, १८०२ मध्ये गे-ल्युसॅक या दुसऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाने मोजमापं प्रसिद्ध केली तेव्हा शार्लचं नाव आवर्जून घेतलं, म्हणून आज आपण शार्लचा नियम म्हणतो.

२८ जून

आता आकारमान कायम. काचेचा फ्लास्क, बूच लावल्यावर आत २९० मिली, बुचातून नळी सेन्सरला. फ्लास्क स्वच्छ धुवून घेतला आणि बर्फाच्या पाण्यापासून सुरुवात करून पाणी तापवत नेलं, प्रत्येक तापमानाला दहा मिनिटं थांबून, कारण आतल्या हवेला तेवढा वेळ लागतो.

० अंशाला ८८.२, २० ला ९६.३, ४० ला १०७.९, ६० ला १२७.१. त्याच्या पुढे बूच उचललं जायला लागलं म्हणून थांबवलं.

मजा अशी असते की ही रेषा खाली वाढवत नेली की दाब शून्य होतो ते तापमान मिळतं, आणि ते उणे २७३ यायला हवं. पहिला आणि शेवटचा बिंदू जोडला. उणे १३६! आणि मधले बिंदू रेषेच्या खाली, म्हणजे ही रेषा नाहीच, वर वळणारी वक्र आहे. सिरिंजची चूक आठ टक्क्यांची होती, ही तर निम्मी आहे. भाचीचं तोंड उतरलं. तिला मी सकाळीच सांगितलं होतं की आज आपण जगातलं सगळ्यात कमी तापमान घरात बसून काढणार.

२९ जून

रात्रभर डोक्यात तेच. सकाळी फ्लास्क उचलून उजेडात धरला तर आतल्या बाजूने बारीक थेंब. धुतला आणि वाळवला नाही!

थेंब थोडेसेच होते, पण पाण्याचा थेंब म्हणजे वाफेचं कोठार. फ्लास्कमध्ये हवा ठरावीक आहे, तिचे रेणू वाढत नाहीत, पण वाफेचे वाढतात, तापवत जाऊ तसतसं थेंबातून आणखी पाणी वर येतं. म्हणजे आपण नियम लावत होतो ठरावीक वायूला आणि आत वायूचं प्रमाणच दर दहा मिनिटांनी वाढत होतं.

वाफेचा दाब किती हे तक्त्यात मिळतं. ० अंशाला ०.६ किलोपास्कल, २० ला २.३, ४० ला ७.४, ६० ला १९.९. कसा उसळतो बघा. हे कालच्या आकड्यांतून वजा केले तर उरलेल्या कोरड्या हवेचे ८७.६, ९४.०, १००.५, १०७.२. आता दर २० अंशांना साडेसहाच्या आसपास वाढ, सरळ रेषा! तीच दोन टोकं जोडून शून्य काढलं, उणे २६८.

भाचीला बोलावून वजाबाकी तिच्याकडूनच करून घेतली. उणे २६८ आल्यावर तिने विचारलं की मग काल पण हवा बरोबरच वागत होती का. हो, हवा बरोबर वागत होती आणि वाफही वाफेसारखीच वागत होती, दोघांचे दाब एकमेकांत मिळाले होते एवढंच.

गे-ल्युसॅकच्या कामातही ओलावा हाच मोठा मुद्दा होता, त्याच्या आधीच्या लोकांचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते आणि त्याने त्याचं कारण वायूत राहिलेलं पाणी म्हणून दाखवलं. दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाने ज्यावर बोट ठेवलं तीच चूक आपल्या हातून झाली आणि आपल्यालाच सापडली, याचा मला आज फार आनंद आहे.

२ जुलै

फ्लास्क हेअर ड्रायरने वाळवला, मग सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) भरलेल्या नळीतून सिरिंजने हवा ओढून बारा वेळा आतली हवा बदलली. खोलीच्या हवेतही वाफ असतेच, बर्फात ठेवल्यावर तिचं पाणी होतं आणि गोंधळ परत सुरू, म्हणून हा खटाटोप.

० ला ९१.३, २० ला ९७.८, ४० ला १०४.५, ६० ला १११.०, ७५ ला ११६.०. या वेळी बूच जागचं हललं नाही. सगळे बिंदू धरून रेषा काढली, शून्य उणे २७७ अंशांवर. खरा आकडा उणे २७३.१५.

चार अंश कुठे गेले? एक अंश त्या १० सेंमी नळीचा, ती पाण्याबाहेर खोलीच्या तापमानाला राहते, तिच्यातली हवा तापत नाही. बाकीचे तीन सेन्सरचे असू शकतात, दाब सगळीकडे एक किलोपास्कलने चुकला तर हे शून्य तीन अंशांनी सरकतं आणि माझं कॅलिब्रेशन (सेन्सरचा आकडा खऱ्याशी जुळवणं) फक्त एका बिंदूवर, मोबाईलच्या भरवशावर आहे. यापुढे या सामानावर जास्त अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

५ जुलै

शेवटचा प्रयोग, सगळं एकत्र. १८३४ मध्ये क्लापेरॉन या फ्रेंच अभियंत्याने हे सगळे नियम एका समीकरणात बांधले, तेच वापरायचं, पण आधी उत्तर लिहायचं आणि मग मोजायचं. ५० मिली कोरडी हवा, २८ अंश, १००.४. ती ६० अंशांच्या पाण्यात बुडवून ३० वर दाबायची. आकारमान पण बदललं आणि तापमान पण.

भाचीने कागदावर केलं: १००.४ गुणिले ५१.१ भागिले ३१.१, गुणिले ३३३ भागिले ३०१. १८२.५ लिहून कागद घडी करून ठेवला. दट्ट्या क्लॅम्पने ३० वर बसवला, सिरिंज पाण्यात, दहा मिनिटं वाट बघितली. १८१.७.

मी म्हटलं, एवढं जवळ आलं, मस्त. ती नळीकडे बघत होती. म्हणाली, "मामा, ही १.१ मिलीवाली हवा पाण्याच्या बाहेर आहे ना, तिला ३३३ कशाला लावायचं?" आणि कागद उलगडून तेवढ्या हवेला ३०१ लावून परत केलं. १८१.८ आलं.